काउन्सेलर मॅडमना सल्ला नको, नियम हवा

शाळेतल्या मानसतज्ज्ञांनी सुट्टीत स्वतःला कसं जपावं, हे सांगणाऱ्यांची ओमानात कमतरता नाही. जून उजाडला आणि शाळेचा शेवटचा दिवस जवळ आला, की निरोपाच्या चहाबरोबर सल्लेही येतात. फोन बंद ठेवा. सकाळी योगासनं करा. ‘नाही’ म्हणायला शिका. एखादा छंद धरा. गावी जाऊन आंबे खा, नाहीतर खरीफचा पाऊस बघायला सलालाला जाऊन या. सांगणारी माणसं मनाने चांगली असतात. कुणी मुख्याध्यापक, कुणी कार्यशाळेला आलेले तज्ज्ञ, कुणी जुने पालक. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण हा सल्ला दुखणं एकीकडे असताना दुसरीकडेच बोट ठेवतो. वर्षानुवर्षं तोच दिला गेल्यामुळे मूळ प्रश्न कुणी विचारतच नाही. म्हणून त्याचा प्रतिवाद करणं मला गरजेचं वाटतं.

मी मस्कतमधल्या भारतीय शाळांत समुपदेशनाचं काम केलं आहे आणि माझी मुलं याच शाळांत शिकली. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून मी हे पाहिलं आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: शालेय मानसतज्ज्ञाचा बर्नआउट सुट्टीत टळत नाही. तो एप्रिल ते मार्च या कामाच्या वर्षात घडतो, सुट्टीत वाढतो, आणि तो टाळण्याची जबाबदारी दमलेल्या बाईची नसून तिला कामावर ठेवणाऱ्या शाळेची आहे. इथल्या शाळांची रचना अशी आहे, की ती जबाबदारी शेवटी आपल्या, पालकांच्या, दारात येते.

त्या रचनेबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. 1975 मध्ये इंडियन स्कूल मस्कत सुरू झालं. आज मस्कतच्या दारसैत, वादी कबीर, गुब्रा, सीब, मबेला या भागांपासून सोहार, निझवा, इब्री, सूर आणि थेट हजार किलोमीटरवरच्या सलालापर्यंत वीसहून अधिक भारतीय शाळा आहेत आणि त्यांत चाळीस हजारांवर मुलं शिकतात. मुख्यतः सीबीएसईचा अभ्यासक्रम. या शाळा कुणा एकाच्या मालकीच्या नाहीत, नफ्यासाठी काढलेल्या नाहीत. पालकांच्या फीवर चालतात. प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती असते, सगळ्यांवर एक संचालक मंडळ असतं आणि त्या मंडळात पालकांनी मतं देऊन निवडलेले सदस्य बसतात.

आता सुट्टीत प्रत्यक्षात काय होतं ते पाहू. सल्ला देणाऱ्यांच्या मनात असं चित्र असतं, की शाळा बंद झाली म्हणजे मुलांच्या अडचणीही बंद झाल्या, आणि मॅडम आता दोन महिने मोकळ्या. आखातात याच्या नेमकं उलट घडतं. मे महिन्याच्या आसपास दहावी-बारावीचे निकाल लागतात. दहावीची परीक्षा 2026 पासून वर्षातून दोनदा, पहिली फेब्रुवारीत आणि दुसरी मे महिन्यात, घ्यायचं बोर्डाने ठरवलं. म्हणजे ताणाचा एक हंगाम आणखी लांबला. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचं केंद्र मस्कतमध्येही असतं. ती परीक्षा मे महिन्यात होते आणि निकाल जूनमध्ये येतो. ज्या मुलीने दोन वर्षं कोचिंगमध्ये घालवली आणि जिचा नंबर लागला नाही, तिची रात्र नेमकी तेव्हा उगवते, जेव्हा शाळेत कुणी नसतं. अकरावीला सायन्स की कॉमर्स, या प्रश्नावरून घरात अबोला धरला जातो तोही याच दिवसांत.

त्याहून अवघड असतात ती परतणारी कुटुंबं. वडिलांच्या कंपनीने करार वाढवला नाही, व्हिसा रद्द होणार, आणि ‘यंदा सुट्टीला गेलो की तिकडेच राहायचं’ हे मुलाला विमानतळावर जाण्याच्या आठवड्यात कळतं. पालक शाळेत टीसी घ्यायला येतात. ज्या मुलाशी मॅडम सहा महिने बोलत होत्या, जो नुकता कुठे मोकळा व्हायला लागला होता, तो निरोपही न घेता जातो. इथलं शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू झालेलं असतं, महाराष्ट्रातल्या राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, आणि 2020 च्या कायद्याने तिथे कुठल्याही बोर्डाच्या शाळेत मराठी शिकणं सक्तीचं आहे. इथे हिंदी नाहीतर फ्रेंच घेतलेला, घरी मराठी बोलणारा पण लिहिता न येणारा मुलगा सातवीत साताऱ्याच्या वर्गात जाऊन बसतो. त्याच्या आईला नव्या शाळेत कुणी ओळखीचं नसतं. ती कुणाला विचारणार? मस्कतच्या मॅडमना. भारताचं घड्याळ ओमानच्या दीड तास पुढे आहे. तिकडे सकाळी सात वाजता पाठवलेला मेसेज इथे साडेपाचला पोचतो.

बायका-मुलं दोन महिने गावी आणि नवरा मस्कतच्या फ्लॅटमध्ये एकटा, हेही इथल्या सुट्टीचं नेहमीचं चित्र. वर्षभर दाबून ठेवलेले घरातले तंटे गावच्या घरात उघडे पडतात. आईवडील वेगळे होणार आहेत हे एखाद्या मुलाला आजीच्या स्वयंपाकघरात कानावर पडलेल्या बोलण्यातून समजतं. आणि कधी कधी त्याहून वाईट घडतं: गावातला कुणी मोठा माणूस एखाद्या मुलीच्या अंगचटीला गेलेला असतो, आणि जगात ज्या एकाच मोठ्या माणसाला ती हे सांगू शकते ती तिच्या शाळेतली काउन्सेलर असते. मुलगी कोल्हापूरजवळच्या खेड्यात, काउन्सेलर ओमानात. पोक्सो कायद्याखाली तक्रार कुठे करायची, आईला कसं सांगायचं, मुलीला आजच्या आज कुणाच्या घरी हलवायचं, हे सगळं फोनवर. तिला त्या संध्याकाळी ‘फोन बंद ठेवा’ सांगणाऱ्याने जरा तिच्या जागी बसून पाहावं.

या सगळ्याशिवाय शाळेचं अधिकृत काम उरतंच. बोर्डाच्या नियमाप्रमाणे शिक्षकांना वर्षाला 50 तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. त्यातलं किती सुट्टीत ढकललं जातं, हे शाळेत काम केलेल्या कुणालाही विचारा. मानसिक आरोग्यावरची सत्रं असली, की ती तयार करण्याचं काम अर्थातच काउन्सेलरकडे येतं. अध्ययन-अक्षमता असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक किंवा जादा वेळ मिळावा म्हणून लागणारे अहवाल आणि कागदपत्रं त्याच काळात जमवावी लागतात. डिसेंबरची सुट्टी लहान, पण तिच्या पलीकडे प्री-बोर्ड उभ्या असतात, त्यामुळे नववर्षाच्या आठवड्यात घाबरलेल्या मुलांचे फोन हमखास. सीबीएसईने 1998 पासून परीक्षेच्या काळात मोफत दूरध्वनी-समुपदेशन चालवलं आहे. मुख्याध्यापक आणि समुपदेशक त्यात विनामोबदला वेळ देतात आणि भारताबाहेरच्या देशांच्या यादीत ओमानचंही नाव आलेलं आहे. काम चांगलंच आहे. फक्त ते कुणाच्या वेळातून जातं याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

तर पहिला मुद्दा हा, की ज्याला सुट्टी म्हणतात ती या कामात पुष्कळदा सुट्टी नसते. पण समजा ती मिळाली. समजा मॅडम खरोखर महिनाभर कोकणात जाऊन राहिल्या, फोनला हात लावला नाही, भरपूर झोपल्या. मग तरी बर्नआउट टळेल का?

नाही टळणार, आणि याचा पुरावा जुना आहे. मीना वेस्टमन आणि डोव्ह ईडन या इस्रायली संशोधकांनी 1997 मध्ये कार्यालयीन कर्मचाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. सुट्टीआधी, सुट्टीत आणि सुट्टीनंतर त्यांनी त्याच माणसांचा ताण आणि बर्नआउट मोजला. सुट्टीत तो खाली आला. कामावर परतल्यावर तीन दिवसांतच तो अंशतः परत चढलेला होता आणि तीन आठवड्यांनी जिथून निघाला तिथेच पोचला होता. नंतर वेगवेगळ्या संशोधकांनी केलेल्या अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हाही हेच दिसलं: सुट्टीचा फायदा खरा असतो, पण काही आठवड्यांत विरून जातो. ऑगस्टमध्ये शाळा उघडते. याचा अर्थ, गणपती येईपर्यंत मॅडम पुन्हा जूनइतक्याच दमलेल्या असतात. तेव्हा त्यांना काय सांगायचं? दिवाळीपर्यंत धीर धरा?

माझं म्हणणं सुट्टी निरुपयोगी आहे असं नाही. ओमानच्या 2023 च्या नव्या कामगार कायद्याने कर्मचाऱ्याला वर्षाला किमान 30 दिवसांची भरपगारी रजा दिली आहे आणि ती पुरेपूर मिळालीच पाहिजे. रजा हा हक्क आहे. पण हक्काच्या रजेला औषध म्हणून पुढे करायचं आणि रोग तसाच राहिला, की औषध नीट घेतलं नाही म्हणून रोग्याला बोल लावायचा, हे मला मान्य नाही. ‘तुम्ही सुट्टीत स्वतःकडे लक्ष दिलं नाहीत’ हे वाक्य मी दमलेल्या सहकाऱ्यांना ऐकवलं जाताना पाहिलं आहे. त्या वाक्याने माणूस अपराधी होतो आणि संस्था निर्दोष सुटते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये रोगांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळच्या ताणाचं नीट व्यवस्थापन न झाल्याने उद्भवणारी, नोकरीशी निगडित अवस्था, असं म्हटलं. कामाचं ठिकाण या व्याख्येच्या मध्यभागी आहे. क्रिस्टिना मास्लाक यांनी या विषयाला आयुष्य दिलं. 1981 मध्ये त्यांनी सुझन जॅक्सन यांच्याबरोबर बर्नआउट मोजण्याची प्रश्नावली तयार केली, जी आजही जगभर वापरली जाते. पुढे मायकेल लायटर यांच्यासोबत त्यांनी सहा गोष्टी दाखवून दिल्या, ज्यांत माणूस आणि काम यांचा मेळ तुटला की बर्नआउट होतो: कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मिळणारा मोबदला आणि दाद, सहकाऱ्यांची साथ, न्याय्य वागणूक आणि मूल्यं. यांतली एकही गोष्ट योगासनाने दुरुस्त होत नाही. मी स्वतः रोज आसनं करते, मला ती प्रिय आहेत. पण दीड हजार मुलांमागे एक काउन्सेलर असेल, तर सूर्यनमस्कारांनी तो आकडा कमी होत नाही.

ओमानात राहणाऱ्याला हा मुद्दा समजायला अवघड जाऊ नये. इथे जून, जुलै आणि ऑगस्ट या तीन महिन्यांत दुपारी साडेबारा ते साडेतीन या वेळेत बांधकामावर आणि उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी आहे. आपण सगळे गाडीतून जाताना ती थांबलेली बांधकामं पाहतो. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा सरकार मजुराला असं सांगत नाही, की मन खंबीर ठेव, पाणी पी आणि उन्हाला ‘नाही’ म्हणायला शीक. सरकार ठेकेदाराला सांगतं, काम थांबव. नाहीतर दंड भर. कारण ऊन मजुराने निर्माण केलेलं नाही आणि उन्हात उभं राहायचं की नाही हे ठरवायची ताकदही त्याच्याकडे नाही. ती ताकद ज्याच्याकडे आहे, त्याच्यावर नियम घातला जातो. काउन्सेलरच्या बाबतीत आपण नेमकं उलट करतो. नियम कुणावरच नाही आणि सल्ला मात्र तिला.

याला पहिलं उत्तर येतं ते सेवाभावाचं. ‘हे काम नोकरी म्हणून करायचं नसतं. मुलांवर माया असली की दमायला होत नाही.’ आपल्या मराठी घरांत हा विचार खोल रुजलेला आहे. शिक्षकी पेशाला आपण व्रत म्हणत आलो. त्या परंपरेबद्दल मला आदर आहे. पण बर्नआउटच्या बाबतीत हे म्हणणं उफराटं आहे. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसतज्ज्ञाने 1974 मध्ये या अवस्थेचं पहिलं नीट वर्णन केलं, ते न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांकडे पाहून. ते तिथे पैशांसाठी येत नव्हते. आणि सगळ्यात आधी कोण मोडतं, या प्रश्नाचं फ्रॉइडेनबर्गरचं उत्तर होतं: ज्यांनी स्वतःला सगळ्यात जास्त वाहून घेतलेलं असतं ते. कामचुकार माणूस बर्नआउट होत नाही. तेव्हा सेवाभाव वाढवा हा उपाय सांगणं म्हणजे जिचं आधीच जास्त गेलं आहे तिच्याकडे आणखी मागणं.

शिवाय याची किंमत मुलं मोजतात. बर्नआउटची तीन लक्षणं मास्लाक यांनी सांगितली: भावनिक थकवा, समोरच्या माणसाबद्दल येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. यातलं दुसरं लक्षण शाळेत सगळ्यात घातक. दमलेली काउन्सेलर ओरडत नाही, रडत नाही, गैरहजरही राहत नाही. ती वेळेवर येते, मुलाचं ऐकते, वहीत नोंद करते. पण तिच्या लेखी तो मुलगा ‘आठवी ब ची केस’ झालेला असतो. मुलांना हे लगेच कळतं. एकदा कळलं, की ते मूल पुन्हा त्या खोलीत येत नाही, आणि ते का येत नाही हे शाळेला कधीच समजत नाही. माझ्या मते शाळेत काउन्सेलर नसण्यापेक्षा हे वाईट, कारण नसल्यावर निदान पालक बाहेर शोधतात.

दुसरं उत्तर जास्त गंभीर आहे आणि ते मी टाळणार नाही. ‘मुलाचा जीव धोक्यात असेल तर सुट्टी बघायची का? तुम्ही नियम करा, पण त्या नियमामुळे एक मूल गेलं तर?’ हा प्रश्न विचारणारे पालक घाबरलेले असतात आणि त्यांची भीती खरी आहे. माझं उत्तर असं, की एका बाईचा खासगी मोबाइल ही सुरक्षाव्यवस्था नव्हे. ती विमानात असेल, आजारी असेल, तिच्या वडिलांच्या तेराव्याला बसलेली असेल. त्या वेळी काय? आज अनेक ठिकाणी याचं उत्तर ‘मॅडम बघतील’ एवढंच आहे. मुलाच्या जिवाची खरोखर काळजी असेल, तर आधी लिहून ठेवावं लागेल, की सुट्टीतल्या कुठल्या आठवड्यात कोण उपलब्ध आहे, त्याच्यानंतर कोण, आणि जिवावर बेतलं असेल तर थेट कुठे जायचं. ओमानात आणीबाणीला 9999 आहे. मस्कतजवळ अल अमरातला अल मसर्रा हे मानसिक आरोग्याचं सरकारी रुग्णालय आहे. भारतात सुट्टीला गेलेल्या मुलासाठी ऑक्टोबर 2022 पासून टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, 14416 हा नंबर, चोवीस तास, मराठीतही. ही माहिती किती पालकांकडे आहे? प्रत्येक शाळेने सुट्टीच्या आधी ती घरोघरी पाठवली, तर मॅडमना येणाऱ्या फोनपैकी पुष्कळ फोन योग्य ठिकाणी जातील, आणि लवकर जातील. काउन्सेलरची विश्रांती आणि मुलाची सुरक्षितता यांत भांडण आहे, हे गृहीतच मुळात खोटं आहे. दोन्ही एकाच कागदावर लिहिलेल्या एकाच योजनेतून येतात.

कामाच्या वेळेबाहेर फोन न उचलण्याचा हक्क ही कल्पना काही परग्रहावरची नाही. फ्रान्सने 2017 पासून ती कायद्यात आणली. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये लोकसभेत याच विषयावर खासगी विधेयक मांडलं. त्याचा कायदा झाला नाही, पण विषय तरी टेबलावर आला. शाळेला कायद्याची वाट बघायची गरज नाही. शाळेने काउन्सेलरला शाळेचा वेगळा नंबर दिला आणि सुट्टीत तो पाळीपाळीने दुसऱ्याकडे सोपवला, तर त्याला ना दिल्लीची परवानगी लागते ना मस्कतच्या मंत्रालयाची.

ओमानाबाहेरच्या सल्लागारांना एक गोष्ट माहीत नसते, आणि ती इथल्या दमण्याच्या मुळाशी आहे. इथला समाज लहान आहे. पुण्यात काउन्सेलर शाळेतून बाहेर पडली की गर्दीत मिसळते. मस्कतमध्ये ती दारसैतच्या कृष्ण मंदिरात गेली, की तिथे तीच आई भेटते, जी मंगळवारी तिच्या खोलीत रडली होती. गणेशोत्सवात आरतीच्या ताटापाशी तोच बाप उभा असतो, ज्याने मुलाला पट्ट्याने मारल्याचं तिला माहीत आहे, आणि तिला माहीत आहे हे त्यालाही माहीत आहे. ती हळदीकुंकवाला गेली की बायका बाजूला घेऊन विचारतात, ‘अमक्यांच्या मुलाचं काय झालं हो?’ तिची स्वतःची मुलं त्याच शाळेत असतात, त्याच बसने जातात. तिचा नवरा कदाचित एखाद्या विद्यार्थ्याच्या वडिलांच्या हाताखाली काम करतो. गुप्तता पाळायची म्हणून ती हळूहळू लोकांत जाणं सोडते. मग सल्ला मिळतो, की सुट्टीत माणसांत मिसळा. कुणाच्या माणसांत?

या एकटेपणाला एकच व्यावसायिक उपाय आहे, आणि तो इथे जवळपास कुणाला मिळत नाही: ज्येष्ठ मानसतज्ज्ञाबरोबर नियमित बसून आपल्या केसेसबद्दल, आपल्या चुकांबद्दल, आपल्या भीतीबद्दल बोलणं. दवाखान्यात काम करणाऱ्या मानसतज्ज्ञासाठी हे प्रशिक्षणाचंच अंग असतं. इब्री किंवा सूरच्या शाळेत एकटीच काउन्सेलर असेल तर तिने कुणाशी बोलावं? मुख्याध्यापकांशी ती सगळं बोलू शकत नाही, कारण ते तिचे वरिष्ठ आहेत. शिक्षकांशी नाही, कारण मुलाचं गुपित आहे. सगळ्या शाळा एका मंडळाखाली आहेत. मंडळाने सर्वांसाठी मिळून दोन-तीन ज्येष्ठ तज्ज्ञ नेमले, महिन्यातून दोनदा प्रत्येक काउन्सेलरला त्यांच्याबरोबर व्हिडिओ कॉलवर तास दिला, मुलांची नावं झाकून, तर खर्च वीस-बावीस शाळांत विभागला जाईल. महाराष्ट्रात अशा अनुभवाची वाण नाही. पुण्यात डॉ. वि. वि. पेंडसे यांनी 1962 मध्ये ज्ञान प्रबोधिनी उभी केली ती मानसशास्त्राच्या पायावर, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये आय.पी.एच. ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली. अशा संस्थांकडून मार्गदर्शन घ्यायला दीड तासाचा घड्याळातला फरक आड येत नाही.

राहिला पैशांचा प्रश्न. पालकसभेत काउन्सेलर वाढवा म्हटलं, की ‘फी वाढेल’ हे उत्तर ठरलेलं. हिशेब करून बघू. समजा शाळेत तीन हजार मुलं आणि दोन काउन्सेलर आहेत. म्हणजे एकीमागे दीड हजार. अमेरिकेतल्या शालेय मानसतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस पाचशे मुलांमागे एकाची आहे. त्या मापाने या शाळेत सहा हवेत. एकदम सहा नका नेमू, या वर्षी एक नेमा. तिचा पगार तीन हजार मुलांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला किती येईल, हे कुठलाही पालक रुवीच्या बसस्टॉपवर उभ्या उभ्या काढू शकेल. याच पालकांच्या घरातून कोचिंगला जाणारी रक्कम त्याच्या कित्येक पट असते.

भारतातल्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यात शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा असं म्हटलं. आंध्रातल्या एका नीटच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात हा निकाल आला. ओमानच्या हद्दीत तो चालत नाही, पण आपली मुलं त्याच परीक्षा देतात, त्याच कोचिंगचे व्हिडिओ बघतात. आणि नेमणुकीपाशी थांबण्याची चूक आपणही करू नये. शाळेच्या वेबसाइटवर काउन्सेलरचं नाव झळकलं म्हणजे काम झालं, असं नाही. तिला शिक्षक गैरहजर असला की वर्गावर पाठवता का, वार्षिक स्नेहसंमेलनाचं निवेदन तिच्याकडे देता का, परीक्षेच्या सुपरव्हिजनला लावता का, सत्र संपताना केसेसची नीट सोपवणूक करायला तिला चार मोकळे दिवस देता का, हे विचारायला हवं. टीसी घेऊन जाणाऱ्या प्रत्येक मुलाला तिच्यासोबत निरोपाचा अर्धा तास मिळतो का, हेसुद्धा. या गोष्टींना पैसे लागत नाहीत, वेळापत्रकात जागा लागते.

‘शिक्षकही दमतात, मग काउन्सेलरचंच कौतुक का?’ असं विचारणाऱ्या शिक्षकांशी माझं भांडण नाही. तेही दमतात, आणि त्यांच्यासाठीही नियम हवेत. पण एकाची तहान दुसऱ्याला पाणी न देण्याचं कारण होत नाही, आणि काउन्सेलरवरचा भार हलका झाला तर पहिला फायदा वर्गशिक्षकालाच होतो.

ओमानातल्या मराठी पालकांना माझी विनंती आहे. तुमच्या शाळेची पुढची पालकसभा कधी आहे ते आजच पाहा आणि तिथे चार प्रश्न लेखी विचारा: आपल्या शाळेत किती मुलांमागे एक काउन्सेलर आहे, उन्हाळ्याच्या सुट्टीत आणीबाणीला कोण उत्तर देणार, काउन्सेलरला स्वतःच्या रजेत शाळेचं काम करावं लागतं का, आणि तिला मार्गदर्शन करणारं कुणी ज्येष्ठ आहे का. उत्तर लेखी मागा. संचालक मंडळाच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला हेच चार प्रश्न विचारा, आणि ज्याच्याकडे उत्तर नसेल त्याला मत देऊ नका. आणि जूनमध्ये शाळेच्या शेवटच्या दिवशी मॅडम भेटल्या, तर त्यांना योगासनांचा सल्ला देऊ नका; सुट्टीत त्यांच्याऐवजी फोन कुणाला करायचा, हे मुख्याध्यापकांना विचारून घ्या.